धुक्याच्या आडोशानं

मागच्या वेळी आपण पिठाच्या गिरणीबद्दल बोललो होतो. गिरणी गावात आली आणि बायकांची पहाट मोकळी झाली, असं मी म्हणाले, तर दोन-तीन जणींनी भेटून मला सुनावलं, "मोकळी कुठं झाली? दुसऱ्या कामानं भरली." बरोबर आहे. म्हणून आज त्याच पहाटेबद्दल बोलू, पण सायकलच्या बाजूनं. आणि सायकल म्हणजे थंडीतली सायकल.

सायकलला कसली आलीय थंडी आणि कसला उन्हाळा, असं शहरातलं माणूस म्हणेल. आपल्या निफाडकडे मात्र सायकलीचं वर्ष दिवाळीनंतरच सुरू होतं. पावसाळ्यात आपली काळी माती काय करते, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणंदीत चाक घातलं की टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिखलाचा गोळा बसतो, चाक फिरायचं थांबतं, आणि मग आपण सायकलीवर बसायच्या ऐवजी सायकल आपल्या खांद्यावर बसते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि ऊन. राहिला हिवाळा. दिवाळीनंतर गाडीवाटा वाळून टणक होतात, बांधावरचं गवत बसतं, कालव्याच्या भरावावरून चाक सरळ जातं. म्हणजे वाट चांगली असते तेव्हाच गारठा असतो. देवानं दोन्ही एकदम दिलेलं नाही.

आणि गारठा म्हणजे साधा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला आपला पारा राज्यभरच्या बातम्यांत सांगतात. तो पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडतात. घडाची एवढी काळजी. त्या घडाची विरळणी करायला, डिपिंग करायला जी बाई अंधारात घरातून निघते, तिच्या बोटांची चौकशी बातमीत नसते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जानेवारी-फेब्रुवारीच्या काढणीपर्यंत बागेचं बायकांच्या हातचं सगळं काम थंडीतच येतं. शाळेतल्या मुलींचंही तेच, सातची शाळा म्हटली की सहाला निघायचं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. गटाची बैठक तुमच्या सवडीनं घ्यायची, आणि तुमची सवड म्हणजे एकतर कामावर जायच्या आधी नाहीतर रात्री भांडी झाल्यावर. त्यामुळे गेली काही वर्षं माझा हिवाळा सायकलवर जातो. या वर्षांत थंडीतल्या सायकलीचे काही धडे मिळाले, ते आधी सांगते, मग इतिहासाकडे वळू.

एक म्हणजे गार पहाटे चाक नरम लागतं. संध्याकाळी हवा भरून ठेवली होती, मग पंक्चर झालं की काय असं वाटतं. पंक्चर नसतं, गारठ्यानं आतली हवा आक्रसते. थोडी हवा मारायची आणि निघायचं. सीटवर दव साचतं, म्हणून रात्री पिशवी बांधून ठेवायची. सगळ्यात हाल बोटांचे होतात. चालताना पाच-सहा अंशांची थंडी सोसते, पण सायकलीवर तीच थंडी वाऱ्यासारखी अंगावर येते, आणि अर्ध्या तासानं ब्रेक दाबायला गेलं तर बोटं दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाटतात. मी आधी लोकरीचे हातमोजे घातले, ते दवानं भिजले. मग एका आक्कांनी युक्ती दाखवली, आत जुने पायमोजे हाताला आणि वरून दुधाच्या पिशव्या. दिसतं भयंकर. पण ब्रेक लागतो. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट तर आपण शेतात घालतोच, तोच सायकलीवरही चालतो. डोक्याला रुमाल कानावरून गच्च बांधायचा, मात्र इतका नाही की मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येणार नाही.

आता इतिहास. माझं बी.ए. इतिहासाचं आहे, पण सायकल आमच्या पुस्तकात नव्हती. लढाया होत्या, तह होते. हे मी नंतर वाचून गोळा केलं.

1817 साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइस नावाच्या माणसानं दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं, आपली मुलं सायकल शिकताना सुरुवातीला करतात तसं. पायडल आलं ते पुढं 1860 नंतर. मग ते एक चाक प्रचंड आणि एक चाक एवढंसं अशी चित्रातली सायकल आली. तिच्यावरून पडलं की माणूस डोक्यावरच पडायचं. 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी, साखळीनं मागचं चाक फिरवणारी सायकल बनवली. आज आपल्या ओट्याला टेकलेली सायकल तिचीच नात. आणि 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. ते मूळचे जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला दगडधोंड्यांवर दणके बसत होते, म्हणून त्यांनी चाकाला रबरी नळी गुंडाळली. एका बापानं पोराच्या बुडाची काळजी केली, त्यावर आज सगळं जग चालतंय.

त्याच 1888 सालापासून आपल्या मराठी सायकलीची गोष्ट सुरू होते. किर्लोस्करांचा उद्योग याच साली सुरू झाल्याचं सांगतात, आणि त्याची सुरुवात नांगरानं नाही, पंपानं नाही, बेळगावातल्या सायकलच्या दुकानानं झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. शिकवण्याची वेगळी फी होती. सायकल तेव्हा श्रीमंतांची चीज, विलायतेहून आलेली. दुकान होतं त्या रस्त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढं याच घराण्यातल्या शंकरराव किर्लोस्करांनी 1930 मध्ये 'स्त्री' मासिक काढलं. आज बायकांच्या मासिकात आपली भाषणं छापून येतात, त्या वाटेच्या सुरुवातीला कुठंतरी सायकलचं दुकान आहे, याची मला फार गंमत वाटते.

पण त्या दुकानात शिकायला बाई आली होती का? माझ्या वाचनात तरी नाही.

का नसेल आली? पहिलं उत्तर सगळे देतात, कपड्यांमुळे. युरोप-अमेरिकेत ते खरं होतं. तिथल्या बायकांचे झगे घोट्यापर्यंत, आत आणखी घेर, ते साखळीत अडकायचे. त्यांनी ढगळ विजारी घालायला सुरुवात केली, तर मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे हे उत्तर मला पटत नाही. आपल्या आज्या-पणज्या नऊवारी नेसायच्या, कासोटा घालून. त्यांनी त्या लुगड्यात भात लावला, विहिरीत उतरल्या, घोड्यावरही बसल्या. सायकलीला नऊवारीसारखं लुगडं शोधून सापडणार नाही. तेव्हा अडचण कापडाची नव्हती. अडचण होती ती एका प्रश्नाची. 'कशाला निघालीस?'

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. पुरुष सायकल काढतो तेव्हा त्याला फार तर 'कुठं निघालास?' विचारतात. बाईला 'कशाला?' विचारतात.

तिकडेही तेच होतं. 1890 च्या सुमारास तिथल्या काही डॉक्टरांनी एक आजारच काढला होता, सायकलचा चेहरा. म्हणजे तोल सांभाळण्याच्या ताणानं बाईचे डोळे मोठे होतात, जबडा आवळला जातो आणि चेहरा तसाच राहतो! आपल्याकडे चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे गेले, त्याला कुणी चुलीचा चेहरा म्हटलं नाही. अमेरिकेत बायकांच्या मताच्या हक्कासाठी आयुष्यभर झगडलेल्या सुझन अँथनी यांनी मात्र 1896 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की बायकांच्या सुटकेसाठी सायकलीनं जेवढं केलं तेवढं जगातल्या दुसऱ्या कशानंही केलेलं नाही.

त्याच काळातली एक बाई मला थंडीमुळे आठवते. अॅनी कोपचोव्स्की, तीन लेकरांची आई, बॉस्टनला राहणारी. जून 1894 मध्ये ती सायकलवरून जगाची फेरी करायला निघाली. एका झऱ्याचं पाणी विकणाऱ्या कंपनीनं तिला शंभर डॉलर दिले, म्हणून तिनं कंपनीचं लंडनडेरी हे नावच आडनाव म्हणून लावून घेतलं. लांब झगा आणि एकोणीस किलोची बायकांची सायकल घेऊन ती शिकागोपर्यंत पोचली, तोवर सप्टेंबर संपत आला. पुढं पश्चिमेला डोंगर आणि बर्फ. हिवाळा तिला गाठणार हे दिसत होतं. तिथं तिनं तीन गोष्टी केल्या. जड सायकल सोडून साडेनऊ किलोची पुरुषी सायकल घेतली, झगा सोडून विजार घातली, आणि पश्चिमेचा हट्ट सोडून उलटी फिरली. न्यूयॉर्कहून बोटीनं फ्रान्सला गेली आणि ऐन जानेवारीच्या गारठ्यात पॅरिसहून मार्सेयला निघाली. मार्सेयला पोचली तेव्हा एका पायाला पट्टी होती आणि दुसऱ्या एकाच पायानं ती पायडल मारत होती. पुढचा बराच प्रवास तिनं बोटीनं केला, आणि हिंदुस्थानात आपण वाघांची शिकार केली अशा थापाही मारल्या. सप्टेंबर 1895 मध्ये ती शिकागोला परतली. मला तिच्या थापांचा राग येत नाही. साधी सायकल चालवली म्हणून कुणी तिची कहाणी विकत घेतली नसती, वाघ घातला म्हणून घेतली. मला आवडते ती तिची शिकागोतली माघार. हिवाळ्याशी भांडण न करता तिनं सायकल हलकी केली.

आपल्या घरातली सायकल मात्र जडच राहिली. काळी, मधल्या दांडीची, वीस किलोच्या आसपासची. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने निघाले, अॅटलस 1951 मध्ये, हिरो 1956 मध्ये, आणि सायकल शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या घरी आली. आमचे आजोबा सांगायचे, नगरपालिकेच्या हद्दीत सायकलीला बिल्ला लागायचा, कर भरून घ्यायचा. आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकाची हवा सोडून द्यायचा. दिवा डायनॅमोचा. तो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, आणि सायकल थांबली की दिवा विझायचा. थंडीच्या दिवसांत लवकर अंधारून यायचं, तेव्हा घाट चढताना दम लागला तरी माणूस थांबायचं नाही, उजेड जाईल म्हणून.

त्या सायकलीवर बाईची जागा मागं कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून. पोराची जागा दांडीवर. शिकायची पोरांनी. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग फुल, मग दांडीवर, आणि पाय पुरायला लागले की सीट. बाजाराच्या गावी तासावर भाड्याची सायकल मिळायची. तासाचे पैसे मुलींच्या हातात कोण देणार? माझ्या आईनं आयुष्यभर सायकल ढकलली. हो, ढकलली. कॅरिअरवर गवताचा भारा, दोन्ही बाजूंना पाण्याचे हंडे, हँडल धरून ती चालत यायची. सायकल रोज तिच्या हातात होती. बसायची परवानगी नव्हती, असंही नाही. कुणी नाही म्हटलंच नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं.

आता 1991 सालाकडे येते. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा कोरडा, दगडखाणींचा जिल्हा आहे. तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती, अरिवोळी म्हणून. गावोगाव शिकवायला जाणाऱ्या बायकांना पोचताच येत नव्हतं. तेव्हा जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं, की अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. बँकांना सांगून कार्यकर्त्या बायकांना सायकलीसाठी कर्जं मिळवून दिली. शिबिरं भरली. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीवाल्या, नर्स, हजारोंनी बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलंय. त्यातलं मला हे फार आवडलं, की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं. आपण तीस-चाळीस वर्षं म्हणत होतो, दांडी आहे म्हणून बायकांना जमत नाही!

पुढं बिहारनं 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमात मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभागही देतो. चांगलंच आहे. थंडीत सकाळी सुरगाण्या-पेठेकडच्या रस्त्यांवर एकसारख्या सायकलींची रांग चाललेली दिसते, कानाला ओढण्या गच्च बांधलेल्या, तेव्हा थांबून बघावंसं वाटतं. पण एक गोष्ट लक्षात येते का? सगळीकडे 'कशाला?' चं उत्तर आधी तयार केलं होतं. साक्षरतेसाठी. शाळेसाठी. उत्तर असलं की बाईला सायकल मिळते.

आणि उत्तर संपलं की काय होतं, ते मला आपल्या कर्ज नोंदवहीत सापडलं.

गेल्या वर्षी एका जुन्या गटाचं दप्तर नव्या वहीत उतरवायचं काम मी हातात घेतलं. सुरुवातीपासूनचे सगळे अंतर्गत कर्ज-व्यवहार. नाव, रक्कम, कारण, परतफेड. बी.ए. ला आम्हाला शिकवलं होतं की ताम्रपट, शिलालेख ही इतिहासाची साधनं. माझ्या मते बचत गटाची वही हेही त्याच पंक्तीतलं साधन आहे, फक्त तिच्यावर हळदीचे डाग असतात. तर त्या वहीत 'कारण' या रकान्यात 'सायकल' हा शब्द बऱ्याचदा येतो. मुलाला कॉलेजला सायकल. मालकांना कामावर जायला सायकल. मग काही वर्षांनी मुलीला शाळेला सायकल. कर्ज प्रत्येक वेळी बाईच्या नावावर, हप्ता तिनं फेडलेला. आणि 'स्वतःसाठी सायकल' अशी नोंद पहिल्या पानापासून शोधत गेले तर सापडली नाही. मुलींच्या सायकलींचं पुढं काय झालं तेही मी विचारत फिरले. दहावी-बारावी झाली, लग्न ठरलं, सायकल माहेरी राहिली. भावानं वापरली, नंतर पडवीत गेली, मग भंगारात. संसाराच्या भांड्यांबरोबर सायकल दिलेली मी अजून पाहिली नाही.

माझीही तशीच राहिली होती. सासरी आल्यावर सहा वर्षं मी सायकलीला हात लावला नाही. कुणी बंदी घातली नव्हती, माझ्या आईसारखंच. गटाचं काम मिळालं, सात गावं मिळाली, आणि मग सासूबाई आपणहून म्हणाल्या, "तुझ्या माहेरची सायकल मागवून घे, कामाला लागंल." कामाला!

ही वहीची गोष्ट मी त्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. आधी हसू झालं. मग एक मावशी, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, बागेत टोळीबरोबर जातात, त्या म्हणाल्या, "मला कर्ज नको. घरात सायकल पडून आहे. पण मला येत नाही. आणि या वयात रस्त्यावर पडले तर गाव हसंल." दुसरी म्हणाली, मलाही येत नाही. मोजलं तर अठरा जणींतल्या अकरा जणींना येत नव्हतं.

मग उपाय निघाला तो थंडीचा. डिसेंबरात कालव्याच्या कडेला पहाटे इतकं धुकं असतं, की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. मावशीच म्हणाल्या, "धुकं आहे तवर शिकू. कुणाला दिसायचं नाही." आणि खरोखर, साडेपाचला निघून सव्वासहापर्यंत, एका आड एक दिवस, आम्ही कालव्याच्या भरावावर शिकलो. एकीनं बॅटरी धरायची, एकीनं मागून कॅरिअर धरून पळायचं. पळणारीला घाम फुटायचा, बसणारी कुडकुडायची, म्हणून पाळी बदलायची. कॅरिअर सोडलंय हे बसणारीला कळू द्यायचं नाही, हा जगभरचा नियम. पण धुक्यात गंमत अशी, की सोडल्यावर ती दिसेनाशी व्हायची. नुसता आवाज यायचा, "धरलंय ना? धरलंय ना गं?" आणि आम्ही लांबून ओरडायचो, "धरलंय!"

पदर, बुरखा, उंबरा, आडोसे आपल्याला माहीत आहेत ते सगळे आत ठेवणारे. हा आडोसा बाहेर काढणारा निघाला. जानेवारीत धुकं विरळ झालं, तोवर सात जणींना तोल आला होता.

सगळं गोड झालं असं सांगत नाही. ऊसतोडीचा हंगाम तुम्हाला माहीत आहे. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, लाल परावर्तकही धुळीनं माखलेला. एका सकाळी मी कालव्यावरून डांबरी रस्त्याला लागले, तर पुढं धुकं जरा जास्त दाट वाटलं. ते धुकं नव्हतं, उभी असलेली ट्रॉली होती. ब्रेक दाबला, पण बोटांत जीव नव्हता, त्या दिवशी पिशव्या घातल्या नव्हत्या. हँडल वळवलं आणि कडेच्या चारीत गेले. मनगट मुरगळलं, गुडघा फुटला. उसाचं एक टिपरू डोक्याच्या वरच्या अंगाला हातभर लांब बाहेर आलं होतं, ते नंतर पाहिलं. त्यानंतर आठवडाभर मी सायकल काढली नाही, आणि घरातले सगळे जे म्हणाले ते तुम्ही ओळखलं असेलच. कशाला जायचं एवढ्या थंडीत?

आठवड्यानं निघाले, ते मागच्या मडगार्डला लाल चकाकणारी पट्टी लावून आणि पुढं बॅटरी बांधून. आता आपल्या शिकलेल्या सगळ्या जणींच्या सायकलींना पट्टी आहे. ती स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते, फार महाग नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ट्रॉलीच्या मागचा परावर्तक ओल्या फडक्यानं पुसा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता शेवटचं सांगते. शिकलेल्या सात जणी आणि मी, एका अमावस्येला मजुरीची सुट्टी होती, तेव्हा नांदूर मध्यमेश्वरला गेलो. कालव्याच्या कडेकडेनं, मग गाडीवाटेनं, मग पाणंदीनं. डांबर मुद्दाम टाळलं. गाडीवाटेला मधोमध गवताचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना चाकोरी, तीत सायकल एकदा गेली की बाहेर निघत नाही, बैलासारखी मुकाट चालते. बांधाची चढण आली की सगळ्या उतरायच्या, ढकलायच्या, परत बसायच्या. एका ठिकाणी चारी ओलांडताना तिघी ओळीनं पडल्या, आणि पडल्या पडल्या हसत बसल्या. हरभऱ्यावर दव होतं, ते चाकांनी अंगावर उडत होतं.

नांदूर मध्यमेश्वर आपल्याला शेजारचं, म्हणून त्याचं कौतुक नाही. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत ते गेलं. थंडीत उत्तरेकडून हजारो मैल उडत पक्षी येतात. चक्रवाक, थापट्या, आणखी कितीतरी. आमच्यातल्या पाच जणींनी ते कधी पाहिलं नव्हतं. जन्म इथं गेला, आणि त्याच गोदावरीच्या पाण्यावर बागा छाटल्या, पण तिकडं जायला काही कारण नव्हतं. मावशी बराच वेळ पाण्याकडं बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लांबून येतात, आणि यांना कुणी विचारत नाही."

परतताना एका टपरीवर चहाला थांबलो. आठ बायका, आठ सायकली, हातात दुधाच्या पिशव्या. टपरीवाले भाऊ बघतच राहिले. आदबीनं म्हणाले, "ताई, कसली मोहीम आहे? स्वच्छता का बेटी बचाव?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. कुणालाच पटकन काही सुचेना. मग मावशींनी ओढणीची गाठ सोडत सांगितलं, "मोहीम नाय काय. चहा प्यायला आलोय. आलं जरा जास्त टाका."

चहा झाला. येताना वारा समोरून होता, त्यामुळे घरी पोचायला दीड तास जास्त लागला, आणि एकीच्या चाकात काटा निघाला. पंक्चर काढायचं शिबिर या शनिवारी सकाळी गटाच्या खोलीत आहे. ज्यांना यायचं त्यांनी एक जुनं ट्यूब आणि पाण्याचं घमेलं घेऊन या. सोल्युशन मी आणते.